घाटात दम सोडणारा ट्रक आणि ‘गाडी ओके’ म्हणणारा डीलर

वाचकांचे प्रश्न : वाहन आणि ग्राहकहक्क

प्रश्न : माझा एकच दहा टायरचा बीएस-६ ट्रक आहे, ३८ लाखांचा. मीच चालवतो. सुरतेहून माल भरून परत येताना कोंडाईबारी घाटात गाडीचा दम जातो, चेक लाइट लागतो आणि गाडी रांगायला लागते. आठ महिन्यांत चार वेळा डीलरकडे नेली. दर वेळी लॅपटॉप लावतात आणि ‘कोड काढला, गाडी ओके’ म्हणून हातात देतात. कंपनीला फोन केला तर म्हणतात डीलरला भेटा. वॉरंटीचे पाच महिने उरलेत. गाडी बदलून मागावी का? – एक वाचक, साक्री

आधी चारही जॉबकार्डे काढा आणि ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचा. बहुधा ‘चेक लाइट’ किंवा ‘जनरल चेकअप’ एवढेच असेल. तसे असेल तर कागदावर तुमची गाडी घाटात कधी अडलीच नाही. पाचव्या वेळी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला शब्द सांगून लिहायला लावा : गाडी भरलेली, एकूण वजन इतके टन, कोंडाईबारीचा चढ, इंजिन तापलेले, इतक्या आरपीएमला ताकद तुटते, आणि हीच तक्रार यापूर्वी अमुक चार तारखांना अमुक किलोमीटरवर दिली होती. तो लिहीत नसेल तर त्याच्या प्रतीवर पेनाने लिहा, फोटो काढा आणि तोच मजकूर त्याच दिवशी डीलर व कंपनी दोघांनाही ईमेल करा. गाडी परत घेताना ‘समाधान झाले’ अशा छापील ओळीखाली सही मागतात. तिथे ‘तक्रार कायम ठेवून ताबा घेत आहे’ असे लिहूनच सही करा. हे न केल्यामुळे पुढे चांगल्या-चांगल्या तक्रारी लंगड्या पडतात, कारण कंपनीचा वकील सगळ्यात आधी तुमची सहीच दाखवतो.

आता दोषाकडे. डीलरच्या आवारात रिकामी गाडी चालवून हा दोष सापडणार नाही. चढाला, भरलेल्या गाडीत इंजिनाला सर्वांत जास्त डिझेल आणि हवा लागते, आणि जी कमतरता एरवी झाकलेली असते ती तिथेच उघडी पडते. संशय तीन ठिकाणी. एक, डिझेलची वाट : चोंदलेला फिल्टर, टाकीकडून येणाऱ्या पाइपात हवा शिरणे, थकलेला पंप, परतीला जास्त डिझेल सोडणारे इंजेक्टर. दोन, हवेची वाट : इंटरकूलरचा फुटका होज, ढिला क्लॅम्प, टर्बोचा अडकलेला अ‍ॅक्च्युएटर. तीन, सायलेन्सरकडची यंत्रणा : काजळीने भरलेला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी), धूर स्वच्छ करायला युरियाचे द्रावण नीट न फवारणारा डोझर, चुकीचे आकडे देणारा नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा). या तिसऱ्या यंत्रणेत बिघाड दिसला की इंजिनाचा संगणक मुद्दामच ताकद कमी करतो. आधी टॉर्क सुमारे २५ टक्के घटतो, दुर्लक्ष केले तर गाडी ताशी २० किलोमीटरवर येते. म्हणजे दम जातो तेव्हा इंजिन खराबच असेल असे नाही. एखादा सेन्सरही पुरेसा असतो.

म्हणून बिघाडाचा कोड ‘काढला’, म्हणजे पुसला, यात समाधान मानू नका. कोड कोणता होता ते लिहून मागा. जड वाहनांत तो दोन आकड्यांनी येतो, एसपीएन आणि एफएमआय. एसपीएन बिघाड कशात आहे ते सांगतो. एसपीएन १५७ म्हणजे कॉमन रेलमधला (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जास्त दाबाच्या नळीतला) डिझेलचा दाब, १०२ टर्बोने दिलेल्या हवेचा दाब, ३२५१ डीपीएफच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, ४३६४ म्हणजे युरियाच्या यंत्रणेची धूर स्वच्छ करण्याची क्षमता. एफएमआय बिघाडाचा प्रकार सांगतो : १८ म्हणजे किंमत नेहमीपेक्षा कमी, ३ किंवा ४ असेल तर व्होल्टेजची गडबड, म्हणजे आधी वायरिंग आणि कनेक्टर बघायचा. कोड पुसला की तो लागला त्या क्षणाची नोंदही पुसली जाते. पुसण्याआधीच्या पडद्याचा फोटो घ्या, जमल्यास स्कॅन रिपोर्टची प्रिंट जॉबकार्डाला जोडून घ्या.

लेखी मागणी एकच करा : भरलेल्या गाडीची, स्कॅनर लावून, त्याच घाटात संयुक्त चाचणी. सोबत डीलरचा मेकॅनिक आणि कंपनीचा एरिया सर्व्हिस इंजिनिअर हवा. निघण्याआधी वजनकाट्याची पावती घ्या, वजन आरसी बुकावरच्या मर्यादेत ठेवा. ओव्हरलोड सापडला तर तुमचा दावा तिथेच बसतो. चढावर रेलचा मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, तसेच मागितलेला बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट, ही जोडी रेकॉर्ड करायची. मागणी चढते आणि मिळणारा दाब खाली राहतो, ती जागा दोषाची. हा एक कागद पुढच्या दहा पत्रांपेक्षा जड ठरतो. तुमच्या ट्रकमध्ये कंपनीची टेलिमॅटिक्स (गाडीची माहिती आपोआप कंपनीला पाठवणारी यंत्रणा) असेल तर आठ महिन्यांची नोंद तिच्याकडे आहेच. तीही मागा, मात्र तुमचे ओव्हरलोड आणि तापलेले इंजिनही त्यात दिसणार हे धरून चाला.

गाडी बदलून मिळण्याची आशा मोठी ठेवू नका. वॉरंटीचे वचन खराब भाग बदलून देण्याचे असते, अख्खी गाडी देण्याचे नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात घेतली होती. उत्पादनातला दोष दुरुस्तीने जाणारा नाही हे तज्ज्ञाच्या अहवालाने दाखवता आले तरच बदल किंवा परतावा टिकतो. मागणी अशी रचा : मुख्य मागणी दोषाची कायमची दुरुस्ती, दुरुस्त केलेल्या यंत्रणेवर वाढीव वॉरंटी आणि उभ्या गाडीच्या दिवसांची भरपाई. पर्यायी मागणी इंजिन किंवा गाडी बदलण्याची.

डीलर आणि कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला एकाच मजकुराची नोटीस स्पीड पोस्टने व ईमेलने द्या, १५ दिवसांची मुदत ठेवा. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ती आदेश देऊ शकत नाही, पण कंपनीच्या मुख्यालयातला माणूस बऱ्याचदा तिथूनच हलतो. काही झाले नाही तर धुळे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही स्वतः चालवून त्यावर पोट भरता, त्यामुळे ट्रक व्यावसायिक वाहन असूनही तुम्ही ग्राहक ठरता. २०१९ च्या कायद्यातले स्पष्टीकरण तसेच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्वतः ट्रक चालवणाऱ्याचे उदाहरण दिले आहे. ‘स्वयंरोजगार, उदरनिर्वाह’ हे शब्द तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हवेत. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो, २० ते ५० लाखांसाठी शुल्क १००० रुपये. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. डीलर सुरतचा किंवा इंदूरचा असला तरी तिकडे धावायचे नाही. वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरूनही जातो. डीलर आणि उत्पादक दोघांना सामनेवाले करा. एकालाच केले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

मुदत दोन वर्षांची आहे. नोटिसा, ईमेल, ‘बघतो साहेब’ यांनी ती वाढत नाही. पहिली तक्रार ज्या तारखेला दिली तिथून मोजा आणि उगाच कडेपर्यंत थांबू नका.

तज्ज्ञासाठी आयोगाकडे तपासणीचा अर्ज करता येतो. अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत असते आणि फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा शासकीय तंत्रनिकेतनातल्या मेकॅनिकल विभागाचे नाव सुचवता येते. ओळखीच्या मिस्तरीचे पत्र पुरे होत नाही.

प्रश्न : रावेरहून दिल्लीला केळी नेतो. जाऊन-येऊन साधारण २३०० किलोमीटर होतात, फेरीमागे तीन लिटर इंजिन ऑइल टाकावे लागते. गाडी ७० हजार किलोमीटर चालली. गळती कुठेच नाही. डीलर म्हणतो, ‘एवढं खातंच.’ – एक वाचक, रावेर

‘एवढं’ म्हणजे किती, ते त्याच्याकडून लिहून घ्या. ऑइलचा खप बरेच उत्पादक डिझेलच्या टक्केवारीत सांगतात, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलात किंवा सर्व्हिस पुस्तिकेत शोधा. तुमचा हिशेब असा : लिटरला ४ किलोमीटर धरले तर २३०० किलोमीटरला ५७५ लिटर डिझेल, त्यात ३ लिटर ऑइल म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडे जास्त. पुस्तिकेतला आकडा याच्या आत असेल तर वाद तिथेच तुमच्या बाजूने वळतो.

डिपस्टिकच्या रेघेवर भांडू नका, वजनावर भांडा. इंजिन गरम, गाडी सपाट जागी, जुने ऑइल पूर्ण निथळू द्या. नवे ऑइल किलोत तोलून भरा (लिटरला साधारण ८७० ग्रॅम). ड्रेन प्लग आणि भरण्याचे तोंड दोन्ही डीलरच्या सीलने बंद करा. १००० किलोमीटर नेहमीच्या ओझ्यावर चालवून परत तितक्याच वेळ निथळून तोला. मधे टॉपअप करावा लागला तर तोही तोलून, नोंद करून.

गळती नसून ऑइल जाते तेव्हा ते जळते आहे किंवा टर्बोच्या सीलमधून हवेच्या पाइपात जाते आहे. इंटरकूलरचा खालचा होज काढून बघा. आत किंचित ओल चालते, ऑइल साचून राहिलेले असेल तर टर्बोवर बोट ठेवता येते. तिथे कोरडे असेल तर ब्लो-बाय (पिस्टनच्या रिंगांमधून खाली निसटणारा वायू) आणि कॉम्प्रेशन मोजायला लावा. अडकलेल्या रिंगा, घासलेले लायनर, व्हॉल्व्हचे सील ही पुढची नावे.

एक गोष्ट तुमच्याच विरुद्ध जाऊ शकते, ती आधीच तपासा. एअर फिल्टरचे घर नीट बसले नसेल तर उन्हाळ्यातली धूळ आणि जिनिंगजवळचा कापसाचा भुगा इंजिनात जातो आणि लायनर घासतात. ऑइल बदलताना मधल्या धारेतले १०० मिलिलिटर स्वच्छ बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत द्या. सिलिकॉन जास्त आले तर धूळ, सोडियम-पोटॅशियम आले तर बहुधा कूलंट शिरते आहे. दोन बाटल्या भरा, दोन्हींवर डीलरची आणि तुमची सही, एक तुमच्याकडे. ऑइलची पातळी उलट वाढत असेल तर तेही लिहा. डीपीएफ स्वच्छ करताना जादा सोडलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते.

प्रश्न : डीपीएफ चोंदला. डीलर म्हणतो, बाहेरचे ऑइल आणि बाहेरचा युरिया वापरला म्हणून वॉरंटी नाही, १ लाख ८० हजार भरा. – एक वाचक, अमळनेर

नकार तोंडी असेल तर तो नकारच नाही. वॉरंटीचे कलम आणि चाचणीचा निकाल, दोन्ही लेखी मागा. बाहेरून घेतले एवढे कारण पुरत नाही, त्यामुळेच बिघाड झाला हे दाखवायला हवे. पण मनाची तयारीही ठेवा. डीपीएफ असलेल्या इंजिनाला कमी राखेचे ऑइल लागते, उदाहरणार्थ एपीआय सीके-४. तुमच्या बिलावर जुने सीआय-४ असेल तर डीपीएफच्या बाबतीत डीलरची बाजू खरी आहे. त्याची राख जळत नाही, जाळीतच बसते. त्याच कारणावरून तो इंजेक्टर किंवा वॉटर पंप नाकारत असेल तर मात्र ऐकू नका.

युरियाचा भाग सोपा आहे. रिफ्रॅक्टोमीटरने (द्रावणातले युरियाचे प्रमाण दाखवणारे उपकरण) टाकीतला थेंब तपासा, ३१.८ ते ३३.२ टक्के यायला हवा. शेतीच्या पोत्यातला युरिया पाण्यात विरघळवून घातला असेल तर भांडू नका, त्यातली अशुद्धी कॅटॅलिस्ट मारते. भुसावळ-जळगावच्या मेमध्ये पत्र्याच्या शेडात ठेवलेल्या बादल्यांचेही खरे नाही. ३५ अंशांत युरिया जेमतेम सहा महिने टिकतो, त्याहून तापला तर अजून कमी. बिल, बॅच नंबर आणि तारीख जपा.

प्रश्न : गाडी दोन महिने डीलरकडे उभी आहे. हप्ते थांबवू का? – एक वाचक, शिरपूर

नाही. कर्जाचा करार फायनान्स कंपनीशी आहे, इंजिनाशी त्याचा संबंध नाही. थकले की गाडी उचलतील आणि तपासायला पुरावाच उरणार नाही. हप्ते भरा आणि उभ्या दिवसांचा हिशेब ठेवा : आधीच्या सहा महिन्यांच्या बिल्ट्या (माल वाहतुकीच्या पावत्या), भाड्याच्या बँकेतल्या नोंदी, फास्टॅगचे स्टेटमेंट, टोइंगचे बिल. व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ फोन विकू नका.

प्रश्न : फर्मच्या नावावर सहा ट्रक आहेत, ड्रायव्हर पगारी. दोन ट्रकांना हाच त्रास. ग्राहक आयोगात जाता येईल? – एक वाचक, जळगाव

अवघड आहे. हा नफ्यासाठीचा धंदा ठरतो, तक्रार उंबऱ्यावरच अडू शकते आणि त्यात वेळ जातो. एकाच ट्रकाला मदतीसाठी ड्रायव्हर ठेवणे वेगळे, त्याने ग्राहकपण जात नाही. तुमच्यासाठी वस्तुविक्री कायदा १९३० आणि दिवाणी दावा, मुदत तीन वर्षे. दावा तीन लाखांच्या वर असेल तर वाणिज्य न्यायालयात जाण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थी करावी लागते. त्याआधी विक्रीच्या बिलामागची बारीक अक्षरे वाचा, लवादाचे कलम तिथेच लपलेले असते.

प्रश्न : कंपनी इंजिन बदलून द्यायला तयार झाली. आता काय बघू? – एक वाचक, नंदुरबार

जुने इंजिन उघडताना हजर राहा, नंबरासह फोटो घ्या. वॉरंटीत काढलेले भाग कंपनीकडे परत जातात, ते पुन्हा दिसणार नाहीत. मिळणारे इंजिन नवे की दुरुस्त केलेले, पूर्ण की फक्त ब्लॉक, टर्बो, इंजेक्टर, पंप नवे की तुमचेच जुने बसवणार, हे पत्रात लिहून घ्या. नव्या इंजिनावर वॉरंटी आजपासून की जुनीच चालू, हेही. इंजिन नंबर बदलला तर डीलरचे पत्र व बिल, फायनान्सची ना-हरकत घेऊन आरटीओत आरसीवर नोंद करा आणि विमा कंपनीला कळवा. जुन्याच नंबराच्या आरसीवर गाडी चालवली तर पहिल्या अपघाताच्या क्लेमलाच हा नंबर आडवा येईल.