'मॅडम, चार पॉइंट तीन सेंटिमीटर म्हणजे अजून किती दिवस?'

समुपदेशक म्हणून हा प्रश्न आता मला पाठ झालाय. चेकअपमध्ये टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो, हृदयातून निघणारी महाधमनी रुंद दिसते, डॉक्टर 'सध्या लक्ष ठेवू' म्हणतात आणि माणूस घरी जाऊन मोबाइल उघडतो.

सहकारनगरचे एक काका, वय एकसष्ट. नोकरी भोसरीत, क्वालिटी इन्स्पेक्शनमध्ये. त्यांनी पर्वती चढणं सोडलं, मग नातीला कडेवर घेणं. काकू झोपल्या की छातीवर हात ठेवून बसायचे.

"सहा महिन्यांत ४.१ चे ४.३, मॅडम!"

"दोन्ही वेळा इकोच होता?"

"दुसऱ्यांदा सीटी." मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे मोजायचे गेज वेगळे. आणि पार्ट धडधडतोय!" पहिल्यांदा हसले.

खरी गाठ पुढे होती. २००७ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, महाधमनीचं अस्तर फाटलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्क्यांची रुंदी ५.५ सेंटिमीटरच्या आत निघाली. काकांचा सवाल: "मग साडेपाचला पोचल्यावरच ऑपरेशन, ही मर्यादा कशाला?"

मी विचारलं, "तुमच्याकडे रिजेक्ट झालेले पार्ट कोणत्या साइझचे जास्त असायचे?"

"लहान. पण बनायचेच ते ढिगानं..." आणि काका थांबले. बराच वेळ. चहावर साय धरली. "म्हणजे कमी रुंदीची माणसंच जास्त. एकेकट्याला धोका कमीच."

हे मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती, इतकंच.

तरी एक 'च' उरला: "फाटणार नाही याची खात्री हवीच." विवेकनिष्ठ विचारपद्धतीत (जी मनातल्या 'हवंच'सारख्या हट्टांना प्रश्न विचारते) वाढलेली मी, या 'च'च्या मागे हात धुऊन लागते. खात्री कुणीच देणार नाही. मिळावी असं वाटणं वेगळं, हवीच म्हणणं वेगळं.

तुमच्याही हातात असा रिपोर्ट असेल तर डॉक्टरांना विचारा: माझी मर्यादा कोणती? साडेपाच सगळ्यांना लागू नाही. मार्फान (शरीरातल्या जोडऊती कमकुवत करणारा आनुवंशिक आजार) असेल, घरात कुणाची फाटली असेल, तर ती खाली येते. अनुभवी केंद्रांत पाचलाही ऑपरेशनचा विचार होतो. उंचीही बघतात. वर्षाला तीन मिलिमीटरची वाढ सलग दोन वर्षं दिसली तर गंभीर. तपासणी शक्यतो त्याच पद्धतीनं, त्याच जागी मोजून. बीपी ताब्यात, सिगारेट बंद, श्वास रोखून जड उचलणं नको. मुलं-भावंडांचाही इको करावा का, तेही विचाराच (हा 'च' चालेल). छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली, तर मात्र मला नाही, १०८ ला फोन.

शेवटच्या भेटीला काका आखलेली वही घेऊन आले. तारीख, मशीन, जागा, आकडा. पाचव्या रकान्यावर लिहिलं होतं: 'टॉलरन्स'.