जुने गोव्यातल्या टेकडीवर एकटाच उभा असलेला पडका मनोरा कशाचा आहे?

सेंट ऑगस्टीन चर्चचा. टेकडीचं नाव मोंते सांतो, म्हणजे पवित्र डोंगर. चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं. पाडलं कुणी, असं लोक विचारतात. खरं तर ओसाड पडून गेलं. १८३५ मध्ये पोर्तुगीज राजवटीनेच धर्मसंघ बंद केले, पाद्री गेले, देखभाल संपली. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. आता दिसतात ते जांभ्याचे चिरे. वर बघत चालू नका, पायाखाली कोरीव अक्षरांच्या कबरी आहेत. घंटा मात्र वाचली. १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे. तिथल्या पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्यांना ती घंटा कुठली, हे बहुधा माहीत नसतं.