जुन्या पॅरिसच्या फोटोंत माणसं का दिसत नाहीत?

१८६०च्या दशकातल्या पॅरिसच्या फोटोंत गल्लीच्या गल्ली ओस दिसते, रस्त्यावर चिटपाखरू नाही, मग तुम्ही पाहिलेल्या एका व्हिडिओत म्हणतात तसं हे शहर आधीच्या कुठल्या लुप्त संस्कृतीने बांधून सोडून दिलेलं होतं का, असा तुमचा प्रश्न आहे. अजिबात नाही. रस्त्यावर माणसं होती, फोटोत उमटली नाहीत इतकंच.

फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या दागेरने १८३८ मध्ये उंचावरच्या खिडकीतून टिपलेला पॅरिसचा बुलवार द्यु ताँप्ल हा रस्ता नीट बघा. नाटकगृहांमुळे तो कायम गजबजलेला असे. पण चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागायची, तेवढ्यात घोडागाड्या आणि येणारे-जाणारे निघून जात. सापडतो तो पदपथाच्या कडेला एक पाय वर टेकवून उभा असलेला माणूस, बहुधा बुटांना पॉलिश करून घेणारा. तो जागचा हलला नाही म्हणून आपल्याला दिसतो.

तुम्ही म्हणता त्या गल्ल्यांचे फोटो बहुतेक शार्ल मार्व्हिलचे असणार. १८६२ पासून तो पॅरिस शहराचा अधिकृत फोटोग्राफर होता. पॅरिसच्या पुनर्बांधणीचा प्रमुख अधिकारी बॅरन ओसमान जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढत होता, आणि पाडकाम होण्याआधी त्या गल्ल्यांची नोंद ठेवायचं काम मार्व्हिलकडे आलं. चारशेहून जास्त फोटो त्याने काढले. काचेला रसायन लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच डेव्हलप करायचा, अशी ती पद्धत. अरुंद गल्लीत उजेड कमी, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे काचेवर प्रकाश पडू द्यायचा वेळ, लांबायचं. भराभर चालणारा पार नाहीसा व्हायचा, रेंगाळणाऱ्याचा धूसर डाग राहायचा. आकाश कोरं पांढरं दिसतं त्याचंही कारण रसायनातच आहे: ते निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद द्यायचं.

माझा आग्रह आहे की हे फोटो मोबाइलवर नुसते सरकवू नका. पॅरिसच्या महापालिका संग्रहालयांच्या साइटवरून मोठ्या आकारात फुकट उतरवता येतात, तिथून घ्या आणि झूम करा. दगडी फरसबंदीच्या मधोमध सांडपाण्याची पन्हळ, गाडीच्या चाकाने भिंत घासू नये म्हणून कोपऱ्यावर रोवलेला दगड, भिंतीवर एकावर एक डकवलेल्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या. ओस पडलेल्या गावात जाहिराती कोण लावेल?

या वस्त्यांतल्या गरिबांना पाडकामामुळे शहराच्या कडेला जावं लागलं. त्या माणसांना 'लुप्त संस्कृती'च्या नावाखाली पुसून टाकलेलं मला सहन होत नाही.

राहिला प्रश्न एवढ्या भव्य इमारती कोणी बांधल्या याचा. वास्तुरचनाकार शार्ल गार्निएच्या पॅरिसमधल्या ऑपेरागृहाचं बांधकाम १८६१ मध्ये सुरू झालं आणि इमारत १८७५ मध्ये खुली झाली. मधल्या काळात डेलमाए आणि द्युराँदेल या फोटोग्राफरांनी त्या कामाचे फोटो घेतले. तेही शोधा: अर्धवट उभं काम, घडवलेले नक्षीचे तुकडे, आणि कॅमेऱ्यासाठी थांबलेले, अगदी स्पष्ट दिसणारे कामगार.