खाण तशी माती? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे सासरे आणि धाकटे दीर, दोघांनीही आत्महत्या केली. मुलगा 19 वर्षांचा आहे, तापट. जरा बोललं की दार आपटून गाडी काढतो, राजवाड्यापर्यंत चक्कर मारून तासाभरानं येतो. नातेवाईक ‘खाण तशी माती’ म्हणतात. हे रक्तात असतं का? (एक आई, रामबाग, इंदूर)

उत्तर : रक्तातून उतरतो तो स्वभावाचा कल, आणि काही घरांत मनाचा आजार होण्याचा कल. जुळ्यांच्या अभ्यासांत आत्मघाती वर्तनाची आनुवंशिकता साधारण 30 ते 55 टक्के निघते. पण याचा अर्थ मुलाला तेवढे टक्के धोका आहे असा नाही. माणसामाणसांतल्या फरकात जनुकांचा वाटा किती, एवढंच तो आकडा सांगतो. आजोबा आणि काका यांच्याशी मुलाचा जनुकांचा वाटा सरासरी पाव-पाव. देशात 2022 साली लाखामागे 12.4 आत्महत्या नोंदल्या गेल्या. घराण्यामुळे हे तिप्पट धरलं, तरी वर्षाला लाखात सदतीस. धास्ती घेण्याइतकं हे नाही, पण डोळेझाक करण्याइतकंही नाही.

लक्ष द्यायचं ते आवेगाकडे. अशी घराणी तपासली की उतावळेपणा आणि आक्रमकपणाही पिढ्यांतून उतरलेला बरेचदा दिसतो. अशा माणसाचा टोकाचा क्षण झपाट्यानं चढतो आणि बहुधा काही वेळात ओसरतो. तेवढा वेळ हाताशी काही घातक नसलं, तर जीव वाचतो. म्हणून घरातली औषधं कुलपात, किल्ली तुमच्याकडे. कीडनाशक घरात आणूच नका. वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळा, कडुनिंबाचा पाला घाला. दारूनं आवेगाचा लगाम सुटतो, तेही बघा.

राजवाड्याची चक्कर मात्र वाईट नाही. राग उतरवायची जागा त्याला सापडली आहे. फक्त गाडीऐवजी पायी जा म्हणावं. काळजी करायची ती नेहमीचा मुलगा बदलला तर : झोप उडणं, मित्र तोडणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, ‘मी सगळ्यांना ओझं आहे’ असं बोलणं. आतल्या आत कुढणारी मुलं दार आपटत नाहीत, म्हणून ती नजरेतून सुटतात.

असं काही दिसलं तर आडवळणानं न जाता विचारा, ‘तुला जीव नकोसा वाटतो का रे?’ विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर ‘काही ठरवलंयस का?’ हे पुढचं. ठरवलं असेल तर क्षणभरही एकटा सोडू नका, 112 लावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मोफत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून शिक्षेतून वगळलं आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीनं उशीर नको.

मानसोपचारतज्ज्ञाला घराण्याचा इतिहास पूर्ण सांगा, विशेषतः कुणाला कधी अतिउत्साहाचे झटके येत होते का. असतील तर नुसतं नैराश्याचं औषध उलटू शकतं. तिथे लिथियम या औषधाचा विचार होतो, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याचा त्याचा पुरावा चांगला आहे. त्याची पातळी रक्तातून तपासत राहावी लागते, गोळी परस्पर बंद करू नये. पंचविशीच्या आतल्यांना नैराश्याच्या औषधानं पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी वाढू शकते. तेव्हा लवकर पुन्हा दाखवा. स्वभावाला औषध नाही हे खरं असेल, आजाराला आहे.

प्रश्न : मुलीच्या स्थळाकडून विचारणा आली : तिच्या भावानं आत्महत्या केली, तर तिची जनुक चाचणी करून द्या. करावी का? (पालक, इंदूर)

उत्तर : करू नका. आत्महत्येचा धोका सांगणारी विश्वासार्ह जनुक चाचणी आज नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रयत्न केलेल्या 43,871 जणांची जनुकं पाहिली. धोक्याशी जोडलेली जनुकांतली 12 ठिकाणं सापडली, पण नेहमीच्या जनुकीय फरकांनी उलगडणारा भाग सहा टक्क्यांच्या आत. शिवाय असे फरक मोजून धोक्याचा जो गुणांक काढतात, त्याचा पाया मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर, आपल्याकडे तो आणखी कच्चा. थुंकीच्या नमुन्यावर ‘मनाचा स्वभाव’ सांगणाऱ्या पाकिटाचे पैसे वाचवा. मुलगी स्वतः भावाच्या दुःखात असेल, तिला समुपदेशकाची गरज आहे का ते बघा. भावाचं सांगायचं की नाही हे तिनं ठरवावं. सांगितलं तर ‘अपघात’ म्हणून झाकू नये. पुढे तिच्या डॉक्टरांना तोच इतिहास लागेल.