मंगूसचं मंगीस का होत नाही

तुमच्या मुलीने इंग्रजीच्या वहीत मंगूसचं अनेकवचन 'मंगीस' लिहिलं, बाईंनी ते खोडून 'मंगूसेस' केलं, आणि आता ती घरी भांडतेय की गूसचं गीस होतं तर याचं का नाही. पोरीचं डोकं बरोबर चाललंय, हे आधी सांगतो. फक्त तिने नातं भलत्याशी जोडलं.

इंग्रजी मंगूसचा त्या गूस नावाच्या पक्ष्याशी काही संबंध नाही. तो आपला मुंगूस आहे. दोन्ही शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून बघा, फरक उरतो कितीसा? गोऱ्यांच्या कानाला शेवटचं 'गूस' ओळखीचं वाटलं आणि स्पेलिंगही त्याच पक्ष्याचं चिकटलं. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात आपल्याकडे हिंडत होता, अगदी जुन्नरपर्यंत येऊन गेला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली छापलं गेलं, त्यात हा शब्द सापडतो.

गूसचं गीस होतं ते खूप जुन्या खोडीमुळे. अनेकवचनाच्या प्रत्ययातल्या 'इ'ने आधीचा स्वर बदलला आणि पुढे प्रत्ययच गळून पडला. फुट-फीट, टूथ-टीथ, माउस-माइस ही सगळी त्याच घरातली. हजार वर्षांपूर्वीचा हा कारभार, मुंगूस पोचला तेव्हा केव्हाच आटोपला होता. उशिरा आलेल्या पाहुण्याला साधा 'एस'वाला प्रत्यय. तरी काही शब्दकोश 'मंगीस'लाही कोपऱ्यात जागा देतात, तेव्हा मुलीला अगदीच शून्य नको. परीक्षेत मात्र मंगूसेसच लिहू दे.

आता आपण पुणेकर लगेच कॉलर ताठ करणार, म्हणून सांगतो: शब्द मराठीतून गेला असं बरेच शब्दकोश म्हणतात, पण १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाने तो तेलुगूच्या खात्यावर टाकलाय. तेलुगूत मुंगिस, कन्नडमध्ये मुंगुसि. म्हणजे आपल्याकडेही तो दक्षिणेकडूनच आला असणार. संस्कृतात या प्राण्याला नकुल, हिंदीतला नेवला त्याच्याच वंशातला. आपला मुंगूस त्या रांगेत बसतच नाही. (इंग्रजीतला बँडिकूटही असाच, तेलुगू पंदिकोक्कु, म्हणजे डुक्कर-उंदीर. आपली घूस.)

पुढे प्राणी आणि नाव दोघांनी मिळून जग पालथं घातलं. १८७२ साली उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली, तिथली पिलावळ १८८३ मध्ये हवाईला. उंदीर रात्रीचे, मुंगसं दिवसाची, त्यामुळे उंदीर राहिले ते राहिलेच आणि पक्ष्यांची अंडी फस्त झाली.

मुलीला एकदा सकाळी वेताळ टेकडीवर घेऊन जा. नशीब असेल तर वाटेत एखादं आडवं जाईल, शेपटी जमिनीला समांतर, झुडपाशी थांबून एकदा मागे वळून बघेल. लहानपणी आम्ही त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला लावायचो. मग तिला विचारा, एक मुंगूस, दोन काय? 'मुंगसं' म्हणेल. त्यातला 'ऊ' कुठे गेला, तेही विचारा. माणूस-माणसं आठवलं की तिचं तिलाच कळेल.