गाणं कुणाचं, नाव कुणाचं?

मागच्या महिन्यात याच पानावर अमेरिकेतल्या कंट्री, म्हणजे तिथल्या गावाकडच्या वळणाच्या, गाण्यांबद्दल ओझरतं लिहिलं होतं. नॅशव्हिल गावात गाणी लिहिणारी चार माणसं स्वतः गिटार घेऊन गोल बसतात, दुसऱ्याच्या आवाजात गाजलेली आपलीच गाणी आपल्या साध्या आवाजात गातात आणि ती कशी सुचली तेही सांगतात, एवढंच. त्यावर सात पत्रं आली. तानपुऱ्याच्या जवारीवर मी दोन पानं लिहिली होती तेव्हा एक आलं होतं आणि तेही खरं तर शेजारच्या पाककृतींच्या सदराला होतं. तर सातांपैकी चौघांना उत्तरं.

मी सत्तावीस वर्षांचा आहे. नोकरी हिंजवडीत, आठवड्यातून तीनदा रात्रपाळी. गिटारवर मराठी गाणी लिहितो, चाळीसेक झाली आहेत. ती चार जण गोल बसून गातात ती मैफल नेमकी चालते कशी? पुण्यात तसं करता येईल का? नोकरी सोडून दोन वर्षं फक्त हेच करावं असंही मनात आहे. घरी सांगितल्यापासून बाबा बोलत नाहीत. (कर्वेनगर)

माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस, अरे-तुरे करते.

२०१६ साली भाचीकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा हट्टानं नॅशव्हिलला जाऊन, ही मैफल जिथे चालते त्या ब्लूबर्ड कॅफेत बसून आले. बाहेरून पाहिलंस तर पुढे निघून जाशील. रस्त्याकडेच्या दुकानांच्या रांगेतला एक गाळा. एमी करलंड नावाच्या बाईंनी १९८२ साली तो उघडला, तोही खानावळ चालवायची म्हणून. गाणं मागून आलं आणि खाण्याच्या डोक्यावर बसलं. आत जेमतेम ९० खुर्च्या. १९८५ मध्ये डॉन श्लिट्झ, थॉम स्कायलर, फ्रेड नॉब्लॉक आणि पॉल ओव्हरस्ट्रीट या चार गीतकारांनी स्टेज सोडलं आणि खोलीच्या मधोमध, टेबलांच्या गर्दीत, एकमेकांकडे तोंड करून खुर्च्या मांडल्या. एकानं एक गाणं म्हणायचं, मग पुढच्यानं. तेव्हापासून तिथली हीच रीत.

मी गेले त्या रात्री चौघांतल्या तिसऱ्या गीतकाराच्या पाठीमागे होते, इतकी जवळ की त्याच्या गिटारचं डोकं माझ्या ग्लासाला लागेल अशी भीती. साठीचा गृहस्थ. अंगठ्याचं नख वाढवलेलं, पिवळट. दुसऱ्याची पाळी असताना तो हळूच दोन-चार सूर मिसळत होता, पण ओळखीचं गाणं नसलं की हात तारांवर आडवा ठेवून नुसता ऐकायचा. मग त्याची पाळी आली. त्यानं असं एक गाणं सुरू केलं जे त्या खोलीतल्या प्रत्येकाला एका मोठ्या गायकाच्या आवाजात पाठ होतं. याच्या गळ्याला ती वरची जागा झेपत नव्हती. त्यानं पट्टी उतरवून घेतली होती, तरी आवाज फाटला. लोकांचे ओठ हलत होते आणि आवाज मात्र कुणाचाही नाही. तिथे गाणं चालू असताना बोलायचं नाही, हा नियमच आहे. कुजबुजलात तर वाढणारी मुलगी ओठांवर बोट ठेवून जाते. फाटलेल्या आवाजातलं ते गाणं ऐकताना शब्द कुठे वाकवलाय, कुठे एक मात्रा मुद्दाम कमी ठेवलीय, ते मला पहिल्यांदा कळलं. रेकॉर्डमध्ये त्या जागी व्हायोलिनं भरलेली असतात.

आता नोकरीचं. तू रात्रपाळीचं लिहिलंस म्हणून मला हसू आलं. वर नाव आलंय तो डॉन श्लिट्झ १९७६ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठात रात्रपाळीचा कॉम्प्युटर ऑपरेटर होता. वय २३. त्या दिवसांत त्यानं ‘द गॅम्बलर’ लिहिलं. आगगाडीतला एक म्हातारा जुगारी पत्त्यांच्या निमित्तानं चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो, असं ते गाणं. दोन वर्षं ते इकडून तिकडे फिरलं. स्वतः श्लिट्झनं म्हणून पाहिलं, फार चाललं नाही. १९७८ मध्ये गायक केनी रॉजर्सनं म्हटलं आणि मग १९८० साली सर्वोत्तम कंट्री गीताचं ग्रॅमी गीतकार म्हणून श्लिट्झच्या हाती आलं. गीतकार-गायक क्रिस क्रिस्टॉफरसनचं तर आणखी विचित्र. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेला, सैन्यात हेलिकॉप्टर चालवणारा माणूस. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकवायची संधी सोडून तो नॅशव्हिलला आला आणि कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत झाडू-पोछा करायला लागला. घरच्यांनी त्याच्याशी संबंध तोडले. तुझे बाबा नुसते बोलत नाहीत, त्यामानाने बरं आहे.

पण एक बघ, झाडू मारायला तो स्टुडिओतच शिरला होता. आणि नंतर पैशांसाठी समुद्रातल्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टरच्या खेपा करतच होता. म्हणून माझं सरळ मत: राजीनामा देऊ नकोस. पगार चालू असेपर्यंत गाण्याला कुणाची हांजी-हांजी करावी लागत नाही. दोन वर्षं मोकळा बसलास तर सहाव्या महिन्यात लग्नातल्या संगीतासाठी हिंदी गाणी वाजवायला लागशील. माझ्या डोळ्यांसमोर तिघांचं झालंय.

पुण्यात करता येतं. एरंडवण्यात आमच्या दिवाणखान्यात मी करून पाहिलं. पहिल्या वेळी मांडववाल्याकडून तीस खुर्च्या आणल्या आणि आली अकरा माणसं, त्यातली चार गाणारी. रिकाम्या खुर्च्यांनी मैफलीचा पार जीव घेतला. शिवाय पहिल्या मुलानं लागोपाठ चार गाणी म्हटली, पाळी सोडेचना, आणि प्रत्येक गाण्याआधी दहा मिनिटं प्रस्तावना. तिसऱ्या प्रस्तावनेत वरच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. पुढच्या वेळी सतरंजी घातली, माइक काढून टाकला, एक गाणं झालं की गिटार खाली ठेवायची असं ठरवलं आणि बोलायला दोन मिनिटं. बावीस लोक आले. माइक नसला की माणसं आपोआप गप्प बसतात, हे ध्वनिमुद्रणात तीस वर्षं काढूनही मला माहीत नव्हतं.

चाळीसातली सहा निवड. सहाच.

गाणं एवढं गाजल्यावर लिहिणाऱ्याला प्रत्यक्षात किती मिळतं? आकड्यांत सांगावे. (निवृत्त लेखापाल, सदाशिव पेठ)

आकड्यांत सांगते, बेरीज तपासून घ्या.

अमेरिकेत रेकॉर्डच्या विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे, त्यातल्या प्रत्येक गाण्याला कायद्यानं ठरवलेला दर मिळतो. १९०९ पासून १९७७ पर्यंत तो होता दोन सेंट. जवळजवळ सत्तर वर्षं पावाची किंमत वाढली, गाण्याची नाही. २००६ मध्ये तो ९.१ सेंट झाला आणि २०२३ साली १२. समजा ९.१ च्या काळात दहा लाख प्रती खपल्या. ९१,००० डॉलर. रूढ वाटणीप्रमाणे निम्मे प्रकाशकाचे (गाण्याचे हक्क सांभाळून ते गायकांपर्यंत पोचवणारा तो प्रकाशक), म्हणजे लिहिणाऱ्याकडे ४५,५००. नॅशव्हिलला गाणं सहसा दोघं-तिघं मिळून लिहितात. दोघं असतील तर प्रत्येकी २२,७५०. दहा लाख प्रतींचे. त्यातही प्रकाशकानं महिन्याच्या खर्चाला आगाऊ पैसे दिलेले असतील, तर ते आधी वळते होतात.

मग ही मंडळी जगली कशी? रेडिओवर. तिथे एक गंमत आहे जी ऐकून आमच्याकडचे गायक चिडतात: साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं लागलं की पैसे गीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतात, गायकाला नाही. ते गोळा करायला एएससीएपी, बीएमआय अशा संस्था आहेत. म्हणून ब्लूबर्डमध्ये बसलेला तो फाटक्या आवाजाचा गृहस्थ पन्नास खेड्यांत दौरे न करता घर चालवू शकला. आता लोक गाणं विकत न घेता मोबाइलवर ऐकतात, तर प्रत्येक ऐकण्यामागे सेंटचा तुकडा हाती येतो. अल्बममधलं पडलेलं आठवं गाणंसुद्धा पूर्वी गाजलेल्या गाण्याबरोबर विकलं जायचं, तो आधारही गेला.

आणि कागद, म्हणजे करार! गायिका डॉली पार्टननं स्वतः लिहिलेलं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ १९७४ मध्ये आणलं. एल्विस प्रेस्लीला ते म्हणायचं होतं. त्याच्या मॅनेजरनं अट घातली, प्रकाशनाचे निम्मे हक्क द्या. त्या काळात एल्विसला नाही म्हणायचं! ती रडली आणि नाही म्हणाली. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं तेच गाणं म्हटलं तेव्हा सगळे हक्क डॉलीकडेच होते. उलट गीतकार-गायक विली नेल्सननं सुरुवातीला, कडकीत, एक आख्खं गाणं ५० डॉलरला विकून टाकलं होतं.

मी नेल्सनच्या पंगतीतली. १९९४ साली पुण्यातल्या एका कापड दुकानासाठी वीस सेकंदांचं जाहिरात-गीत लिहिलं, चालही माझी. रोख पंधराशे रुपये, एका व्हाउचरवर सही. व्हाउचरवर ‘सर्व हक्कांसह’ असं बारीक अक्षरात होतं, ते मी चष्मा नसताना वाचलंच नाही. पुढे सात दिवाळ्या ते वाजलं. लक्ष्मी रोडवरून जाताना शेजारची बाई माझं गाणं मलाच गुणगुणून दाखवायची.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर फरक पडला. चित्रपटातल्या गाण्याचे हक्क निर्मात्याला दिले तरी थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराचा राहतो. तो सोडून दिल्याचं लिहून घेतलं तरी कायदा ते मानत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत यासाठी भांडले. रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था. कर्वेनगरच्या मुला, तूही वाच हे. पहिलं गाणं बाहेर आलं की तिथे सभासद हो आणि सहलेखक असेल तर कुणाचा किती टक्का ते त्याच दिवशी, चहा गार व्हायच्या आत, लिहून ठेव.

माझा मुलगा रोज सकाळी अकराला मित्राकडे ‘गाणं लिहायला’ जातो. गाणं असं वेळ ठरवून लिहितात का? की मला बनवतोय? (सहकारनगर)

लिहितात, ताई. नॅशव्हिलला म्युझिक रो म्हणून भाग आहे, बंगल्यांत प्रकाशकांची ऑफिसं. दात दाखवायला जातो तशी तिथे गाण्याची वेळ घेतात: सकाळी दहा-अकरा, खोलीत दोघं-तिघं, दोन गिटार, दुपारपर्यंत गाणं. बहुतेक दिवशी वाईट गाणं. आणि आपल्याकडे गीतरामायण काय होतं? १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर, दर आठवड्याला, गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, एकूण ५६ गाणी. आठवडा कुणासाठी थांबत नाही. स्फूर्तीची वाट बघत बसले असते तर राम अयोध्येतच राहिला असता.

बनवतोय का ते ओळखायची खूण: आठवड्यानं ‘म्हणून दाखव’ म्हणा. वाईट का होईना, काहीतरी म्हणाला तर डबा देत जा.

परदेशी गाण्यांचे हे कौतुक कशाला? आपल्याकडे काय कमी आहे? (नारायण पेठ)

काही कमी नाही. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट हे तिघं मिळून गावोगाव कविता वाचत फिरले, पाळीपाळीनं, नुसत्या आवाजाच्या जोरावर. ब्लूबर्डच्या कितीतरी आधी. आणि २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी ‘आयुष्यावर बोलू काही’ करताहेत. कवी स्वतःचं गाणं स्वतः म्हणतो आणि नाट्यगृह भरतं. माझं दुखणं वेगळं आहे. असल्या मोठ्या कार्यक्रमांखेरीज, वीस माणसांचं, सतरंजीवरचं काही नियमित होत नाही, जिथे पडेल गाणं पडू देता येतं. ब्लूबर्डमध्ये दर सोमवारी कुणीही येऊन म्हणू शकतं आणि बरीचशी गाणी तिथेच पडतात. टोनी अराटा नावाच्या कुणाला माहीत नसलेल्या गीतकाराचं एक गाणं तिथेच गार्थ ब्रूक्स नावाच्या तितक्याच अनोळखी मुलानं ऐकलं. मला कधी रेकॉर्ड करायला मिळालं तर हे घेईन, असं म्हणाला आणि १९८९ च्या पहिल्याच अल्बममध्ये त्यानं ‘द डान्स’ घेतलं.

एका गोष्टीत मात्र तुमची बाजू घेते. तो गप्प बसायचा नियम मी आमच्या घरी लावून पाहिला. दुसऱ्याच गाण्याला कोपऱ्यातल्या आजोबांच्या तोंडून ‘वा!’ निघालं आणि सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते इतके ओशाळले की मध्यंतरात चहाही घेईनात. तेव्हापासून ‘वा’ चालतं. मोबाइल चपलांजवळ.