लेसरची पॉवर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (भोसरी): वर्कशॉपमध्ये २० वॅटचं फायबर लेसर मार्किंग मशीन आहे. प्रत्येक रेघ जिथे सुरू होते तिथे खोल ठिपका पडतो. पॉवर फीडबॅक (निघालेली पॉवर मोजून आपोआप दुरुस्त करणारी सोय) असलेला महागडा सोर्स, म्हणजे लेसर तयार करणारा भाग, घेतला तर जाईल का?

नाही जाणार, पैसे वाचवा. फीडबॅकला चूक कळते ती पल्स, म्हणजे प्रकाशाचा एक झटका, निघून गेल्यावर. जेमतेम १०० नॅनोसेकंदांची पल्स, तिला मध्येच कोण अडवणार?

आधी भिंग घेऊन बसा. २० किलोहर्ट्झ (सेकंदाला २० हजार पल्स) आणि सेकंदाला २००० मिलिमीटर वेग ठेवून एक सरळ रेघ मारा. ठिपके ०.१ मिलिमीटर अंतराने सुटे दिसतील. पहिला एकटाच जाडजूड असेल तर दोष पहिल्या पल्सचा. मार्किंग थांबलं तरी क्यू-स्विच सोर्समध्ये (ऊर्जा साठवून एका झटक्यात सोडणाऱ्या) पंप, म्हणजे फायबरला ऊर्जा पुरवणारा प्रकाश, चालू असेल तर फायबरमध्ये ऊर्जा साठत राहते. फायबरमधल्या यिटर्बियम या मूलद्रव्यात ती साधारण १ मिलिसेकंद टिकते. चालू कामात दोन पल्समध्ये ५० मायक्रोसेकंदच असतात, टाकी भरायला वेळच मिळत नाही. थोडं थांबलात की ती काठोकाठ, आणि पुढची पल्स धाडकन येते. सेटिंगमध्ये एफपीके, म्हणजे फर्स्ट पल्स किलर (पहिली पल्स दाबणारी सोय), शोधा.

पण सुरुवातीचे चार-पाच ठिपके एकमेकांवर चढलेले दिसले, तर किरण फिरवणाऱ्या आरशांनी वेग घ्यायच्या आधीच लेसर सुटतोय. ‘लेसर ऑन डिले’ थोडा वाढवा. माझी पैज यावरच आहे.

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर): फोटोडायोडने (प्रकाश मोजणाऱ्या सेन्सरने) पल्सची ऊर्जा मोजून आलेली चूक पुढच्या पल्सला पूर्ण दुरुस्त करते. तर लूप चालू केल्यावर चढउतार उलट वाढले! सर्किट चुकलं का?

सर्किट ठीक आहे, घाई नडली. तापमानामुळे हळूहळू सरकणारी चूक वेगळी आणि दर पल्सची स्वतंत्र चूक वेगळी. स्वतंत्र चुकीची भरपाई पुढच्या पल्सकडून करून घेतलीत, तर तिच्या स्वतःच्या चुकीत आदलीची उलटी चूक मिसळते. व्हेरियन्स (चढउताराच्या वर्गाची सरासरी) दुप्पट, म्हणजे चढउतार १.४ पट. गेन, म्हणजे चुकीचा किती भाग दुरुस्त करायचा तो आकडा, १ वरून ०.१ वर आणा. वाढ अडीच टक्क्यांवर येईल आणि तापमानाचं सरकणं तरीही पकडलं जाईल.

प्रश्न (नाशिक): मशीनवरचा पॉवरचा आकडा स्थिर आहे, पण मार्किंग फिकट येतं.

पॉवर मोजणारा डिटेक्टर सोर्सच्या आत बसलेला असतो. पुढचे गॅल्व्हो (किरण फिरवणारे) आरसे आणि लेन्स त्याला दिसतच नाहीत. मीही एकदा दोन दिवस गेन फिरवत बसलो होतो. शेवटी मशीन बंद करून लेन्सवर तिरका टॉर्च मारला, तर पितळेच्या धुराचा तपकिरी थर! आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला लेन्स टिश्यू एकदाच, एकाच दिशेने ओढा. मग गॉगल लावून पॉवर मीटर लेन्सखाली धरा, पण फोकसमध्ये नको, मीटरचं डोकं जळतं.

प्रश्न (पुणे): लेसिकच्या (चष्म्याचा नंबर घालवायच्या शस्त्रक्रियेच्या) लेसरमध्येही फीडबॅक असतो?

असतो. १९३ नॅनोमीटरच्या एक्सायमर लेसरमध्ये (हा वायूवर चालतो) वापराबरोबर फ्लोरिन कमी होत जातो, आणि पल्सची ऊर्जा तेवढीच राखायला कंट्रोलर व्होल्टेज चढवत नेतो. त्यामुळे ऊर्जेचा आकडा ठीकच दिसतो. गॅस बदलायची वेळ आली, हे चढलेल्या व्होल्टेजवरून ओळखतात.